‘डिजिटायझिंगसाठी खास’ म्हणून गळ्यात मारलेला प्रोजेक्टर

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात कितीतरी घरांत अजून घरगुती शूटिंगच्या आठ एमएम फिल्मची रिळं पडून आहेत. ती पेनड्राइव्हवर घ्यायची म्हणून जुना प्रोजेक्टर शोधणाऱ्यांना हेरून काही जण भलताच माल खपवतात. आमच्या घरी जे झालं ते मुद्दाम लिहितोय.

आमचे थोरले काका पलटणीत होते. साठच्या दशकात त्यांनी घरचं बरंच शूटिंग केलं: निपाणीचं जुनं घर, तंबाखूची वखार, आत्याचं लग्न. आजी हलताना-बोलताना दिसते ती फक्त या रिळांत. रिळं साध्या आठची, म्हणजे सुपर एट १९६५ साली आलं त्याच्या आधीच्या पद्धतीची. हे आम्ही बेळगावातल्या विक्रेत्याला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. ‘दोन्ही फिल्म चालतात, स्पीड कमी-जास्त होतो, डिजिटायझिंगसाठीच बनवून घेतलाय,’ असं म्हणून त्याने १८,००० रुपये सांगितले.

दुकानात त्याने स्वतःची फिल्म लावली. भिंतीवर चित्र स्वच्छ, मोटारही कुरकुरत नव्हती. आमचं रीळ लावा म्हटलं तर म्हणाला, “इथं धूळ आहे ओ, तुमची फिल्म खराब होईल. घरीच लावा.” वर दोन रिकामी रिळं हातात दिली आणि फिल्म त्यावर गुंडाळून घ्यायला सांगितली. “आठ म्हणजे आठच की ओ!”

हे साफ खोटं आहे. दोन्ही फिल्मची रुंदी आठ मिलिमीटरच, पण साध्या आठची भोकं मोठी असतात आणि दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर येतात. सुपर एटची बारीक आणि चित्राच्या मध्यावर. दोन भोकांमधलं अंतर एकात ३.८१ मि.मी., दुसऱ्यात ४.२३. फिल्म खाली ओढणारा दात त्या अंतराप्रमाणेच हलतो. घरी लग्नाचं रीळ लावलं आणि थोडी फिल्म जाते न जाते तोच कड टराटरा फाटली. वऱ्हाड दारात येतं तो भाग गेला. पैसे आज ना उद्या भरून निघतील, तो भाग आता कुठून आणायचा?

गावातल्या रेडिओ मेकॅनिककडे झाकण उघडलं. पुढच्या पट्टीवरचा ‘सुपर’ हा शब्द घासून नुसता आकडा ठेवलेला. स्पीडचं बटण गोल फिरतं, पण मागे एकही वायर जोडलेली नाही. बटणासाठी पत्र्याला नवं भोक पाडलेलं, कडेला कीसही तसाच. जास्तीचे पैसे याच बटणाचे घेतले होते. भिंतीवरचं चित्र कॅमेऱ्यात घेताना लुकलुकतं, म्हणून हे बटण लागतं. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवायचा आणि तीन पात्यांच्या शटरचा (म्हणजे एका चित्रावर तीनदा उजेड पाडणारा) प्रोजेक्टर सेकंदाला १६⅔ चित्रांवर आणायचा. मग सेकंदाला बरोबर ५० वेळा उजेड पडतो आणि लुकलुक थांबते. बटण खरं आहे का हे तिथेच कळतं: मशीन चालू असताना ते फिरवा, मोटारीचा आवाज बदललाच पाहिजे.

घ्यायला जाताना आपल्याच फिल्मचा नको असलेला एखादा कोरा तुकडा घेऊन जा आणि तो शेवटपर्यंत चालवून दाखवायला लावा. त्यावर नवी उभी रेघ उमटली, तर मशीन हातात धरू नका. रिळाच्या मधलं भोक बारीक असेल तर फिल्म बहुधा साधी आठ, मोठं असेल तर सुपर. झाकण काढून मोटारीचा रबरी पट्टा बघा. जुनं रबर डांबरासारखं चिकट होतं. दिवा लागलेला असताना फिल्म अडकली तर ते चित्र जळतं, म्हणून डिजिटायझिंगला जाणकार लोक एलईडी बसवून घेतात. आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म प्रोजेक्टरवर चढवूच नका. ती आकसलेली असते, तिला दात नसलेला स्कॅनर लागतो.

विक्रेता आता फोन उचलत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. ती कन्नडमध्ये लिहून द्यायला शेजारचे मास्तर आले होते. चंदगड, गडहिंग्लजकडून बेळगावला खरेदीला येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही दुकानदाराविरुद्ध तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यासाठी पावतीवर ‘साधी आठ चालते’ हे शब्द दुकानदाराच्या हातून लिहून घ्या, सही-तारखेसकट.