ओलं फडकं की रिले: जुन्या ८०० ला एसी पंप ठेवावा की इलेक्ट्रिक बसवावा?

कार्बोरेटरची मारुती ८०० अजून दारात असेल आणि पेट्रोलच्या पंपाने मान टाकली असेल, तर मिस्तरी दोन रस्ते दाखवतो. नवा एसी पंप टाका (गॅरेजात मेकॅनिकल पंपाचं हेच नाव, थंड हवेशी त्याचा संबंध नाही), नाहीतर मागे टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप बसवा. डिसेंबरात दोन्ही सारखेच वाटतात. फरक पडतो तो एप्रिल-मेमध्ये, परभणी-बीडकडे दुपारचा पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा.

एसी पंपाच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. वायरिंग शून्य. इंजिन थांबलं की पंप थांबतो, त्यामुळे अपघातात पेट्रोल उपसत राहण्याची भीती नाही. तालुक्याच्या स्पेअरच्या दुकानातही मिळण्याची शक्यता असते, आणि दोन बोल्ट, एक गास्केट, तीन पाइप एवढंच काम. शिवाय हा पंप सहसा सांगून जातो. आधी चढाला गाडी पेट्रोल कमी पडल्यासारखी दबते, पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून ओल दिसते, किंवा डायफ्रॅम (पंपातला लवचीक पडदा) फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर पंपाबरोबर ऑइलही बदलावं. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बेअरिंगचा खर्च पंपाच्या कितीतरी पट होतो.

आता खटकणारी गोष्ट. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला.

हा पंप इंजिनाच्या हेडला (वरच्या तापणाऱ्या भागाला) चिकटून बसतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढ असली की पाइपातला दाब हवेपेक्षा कमी असतो, आणि कमी दाबावर पेट्रोल लवकर उकळतं. गाडी धावत असताना वारा आणि ताजं पेट्रोल पंपाला थंड ठेवतात. मांजरसुंब्याचा घाट चढून चहाला थांबलात की दहा-पंधरा मिनिटांत हेडची सगळी उष्णता पंपात शिरते आणि आत वाफेचा फुगा तयार होतो. डायफ्रॅम तो फुगाच दाबत-सोडत बसतो, पेट्रोल काही हलत नाही. मग सेल्फ मारत राहायचं, बॅटरी बसवायची, आणि शेवटी बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते पंपावर गुंडाळायचं. फडकं काम करतं, नाही असं नाही. पण भर उन्हात बॉनेट उघडून घरच्या माणसांना रस्त्यावर उभं करणं हा दर उन्हाळ्याचा कार्यक्रम झाला की माणूस दुसरा पर्याय शोधतोच.

मात्र गरम गाडी सुरू न होण्याची दोन कारणं असतात आणि ती ओळखल्याशिवाय पैसे घालू नयेत. सेल्फ मारूनही पेट्रोलचा वास येत नाही, कार्बोरेटरची काच असेल तर पातळी दिसत नाही, तर दोष पंपाकडचा. उलट बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा आला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर गाडी काळा धूर टाकत सुरू झाली, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत) सांडलं आहे. त्याला इलेक्ट्रिक पंपाचा उपयोग नाही. तिथे निडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई), तिला उचलणाऱ्या फ्लोटची पातळी आणि कार्बोरेटरखालचा जाड इन्सुलेटर बघावा लागतो.

एसी पंपच ठेवायचा असेल तर निदान तीन कामं त्याच्यासोबत व्हावीत. हेड आणि पंपामधला उष्णता अडवणारा जाड तुकडा परत बसला पाहिजे. घाईत तो फेकून नुसतं कागदी गास्केट लावलं की नवा पंपही त्याच दुपारी दगा देतो. टाकीकडे परत जाणारी तिसरी नळी मोकळी हवी, कारण वाफ तिच्यातूनच बाहेर पडते. ती बोल्ट ठोकून बंद केलेल्या गाड्या दिसतात. आणि टाकीपासून पुढचे सगळे रबरी तुकडे बदलावेत. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं, त्यात जुनं रबर फुगतं, नंतर कडक होऊन तडकतं. ऊस आपला, इथेनॉल आपल्याच कारखान्याचं, आणि पाइपही आपलेच जातात! ओढीच्या बाजूची तडक बाहेर थेंब दाखवत नाही, ती आत हवा घेते, आणि नवा पंप टाकूनही दोष जात नाही. पाइपवर ‘३० आर ९’ असा छाप बघून घ्यावा, माप जुन्या तुकड्यावरून.

इलेक्ट्रिक पंपात हे गणित उलटतं. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, सायलेन्सरपासून लांब बसतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही आणि पाइप कुठे तडकला तर थेंब दिसतो. चार दिवस उभी राहून कार्बोरेटरची वाटी सुकलेली गाडीही पाच-सात सेकंद पंप चालवला की पहिल्या सेल्फला उठते.

मात्र पंप कार्बोरेटरचाच हवा, साधारण अडीच ते चार पीएसआयचा. कुणी एमपीएफआयचा (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीचा) पंप स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणावं. त्याचा दाब दहापट असतो, निडल तो थोपवू शकत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनवर येतं. पंपाच्या आधी फिल्टर हवाच, कारण जुन्या टाकीतला गंज आधी पंपच गिळतो. परतीची नळी चालू ठेवायची, पण तिच्या तोंडाशी साधारण एक मिलिमीटरचं भोक असावं, नाहीतर सगळं पेट्रोल टाकीत फिरून येतं आणि घाटात गाडी उपाशी राहते. जुन्या पंपाच्या जागी प्लेट आणि गास्केट लावताना आत पंप हलवणारा सुटा रॉड राहिला तर काढून घ्यावा.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. इग्निशनवरून सरळ वायर ओढली तर बंद पडलेल्या किंवा धडकलेल्या गाडीतही पंप चालत राहतो. पाच पायांचा रिले (विजेने चालणारा स्विच) घ्यावा. इग्निशन चालू असतानाच वीज येणाऱ्या वायरवरून १० अँपिअरच्या फ्यूजमधून ३० नंबरच्या पायाला, ८७ए वरून पंपाला. कॉइलचं एक टोक इग्निशनला, दुसरं ऑइलच्या दिव्याच्या वायरला. ऑइलचा दाब नसला की रिले ओढला जातो आणि पंप बंद. सुरू करण्यापूर्वी पेट्रोल भरायला एक दाबायचं बटन वेगळं, सेल्फ मारतानाही तेच दाबून धरायचं. ऑइलची ती वायर तुटली तर मात्र पंप चालूच राहील, म्हणून सोबत इनर्शिया स्विच (धडक बसताच वीज तोडणारा) लावलेला बरा. पंपाची अर्थ वायर रंग खरवडून बॉडीच्या पत्र्याला घट्ट बसवावी. ‘पंप गेला’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत सैल अर्थचा वाटा मोठा असतो.

यात खर्च एसी पंपापेक्षा बराच जास्त, मागून टकटक ऐकू येते, आणि हा पंप बहुधा न सांगता जातो. गाडी शहरातल्या शहरात सकाळ-संध्याकाळ फिरत असेल, तर चांगला एसी पंप, इन्सुलेटर आणि नवे पाइप यावर भागेल. उन्हाळ्यात लांबचं जाणं असेल, तर माझं मत जरा इलेक्ट्रिककडे, आणि माझ्या गाडीला तोच आहे. बसवल्यावर कार्बोरेटरकडचा पाइप बाटलीत सोडून बघावा. अर्ध्या मिनिटात पाव लिटर तरी यायला हवं.

काढलेला एसी पंप चालू असेल तर टाकून देऊ नये. गास्केट, इन्सुलेटर आणि रॉडसकट एका पिशवीत, त्याच्या बोल्टला बसणाऱ्या पान्यासोबत डिकीत राहू द्यावा.