प्रायोजकाचा चेक आला आणि आमचीच शिल्लक गेली

ज्या बोटीचा फोटो दाखवून आम्हाला गंडवलं, तोच फोटो नुकताच आणखी एका महिला संघाच्या मेलमध्ये आला. आपसातच ठेवलेली ही गोष्ट म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

आम्ही आउटरिगर कनू वल्हवणाऱ्या बाया. लांब, अरुंद होडी, डाव्या अंगाला उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेला तरंगता ओंडका, आणि आत एकामागे एक सहा जणी. आम्हाला हवाईला जायचं होतं, ‘ना वाहिने ओ के काई’ या शर्यतीसाठी. मोलोकाई बेटावरून निघायचं, काइवीची सामुद्रधुनी ओलांडायची आणि ओआहू गाठायचं. सुमारे 41 मैल, तेही खुल्या समुद्रात. याच पाण्यात पुरुषांची शर्यत 1952 साली सुरू झाली, बायकांच्या शर्यतीला 1979 उजाडावं लागलं. दोर्‍या-पट्ट्यांपासून विमानाच्या तिकिटांपर्यंत सगळा खर्च संघाचा, त्यामुळे सरावाइतकाच वेळ आमचा पैसे जमवण्यात जात होता. टी-शर्ट विकले, सोडत काढली, जुन्या सामानाची विक्री केली. मॉलमध्ये वल्हवण्याचं मशीन मांडून आळीपाळीने दिवसभर वल्हवलं. जितके मैल होतील तितकी देणगी, असा हिशेब. तो उपक्रम सगळ्यात चांगला चालला, कारण येणारा-जाणारा थांबून विचारायचा आणि लहान मुलं मशीनवर बसायला मागायची.

देणाऱ्यांना तिकिटांचा खर्च चटकन समजतो. एस्कॉर्ट बोटीचा समजत नाही. कनू विमानातून नेता येत नाही, ती तिकडे भाड्याने मिळते; पण प्रत्येक कनूमागे सोबतीला एक मोटारबोटही लागते, तीच एस्कॉर्ट बोट. इतकं अंतर त्याच सहा जणी न थांबता काढत नाहीत. बदली बाया त्या बोटीत बसून असतात. बोट कनूच्या पुढे जाऊन त्यांना पाण्यात सोडते, त्या एका ओळीत तरंगत थांबतात, कनू त्यांच्यावरच येते. उलांडीच्या बाजूने त्या आत चढतात आणि त्याच क्षणी दमलेल्या जणी दुसऱ्या बाजूने समुद्रात उडी टाकतात. मग बोट त्यांना उचलते. ही बोट नसेल तर शर्यतीत उतरताच येत नाही. त्या शनिवार-रविवारी सगळ्यांनाच बोटी हव्या असतात. भाडं भरपूर आणि आगाऊ रकमेशिवाय कोणी शब्द देत नाही.

आम्ही मदतीचं आवाहन केलं त्यात हे सगळं लिहिलं होतं. एस्कॉर्ट बोटीचे पैसे अजून उभे राहिलेले नाहीत, हेसुद्धा.

थोड्याच दिवसांत मेल आला. पाठवणारा स्वतःला सागरी सामान विकणाऱ्या एका कंपनीचा जाहिरात-अधिकारी म्हणवत होता. कंपनी खरी होती, संकेतस्थळही खरं. मेलच्या पत्त्यात मात्र कंपनीच्या नावापुढे एक जादा शब्द चिकटवलेला होता, आणि मोठ्या कंपन्यांचे असे पत्ते असतातही, त्यामुळे तो कोणाला खटकला नाही. संघाचा निम्मा खर्च उचलायची तयारी त्याने दाखवली. शर्यतीची त्याला बरी माहिती होती. बदलीच्या बायांना त्याने बरोबर शब्द वापरला, वाऱ्याबद्दल विचारलं. विचारलं नाही ते फक्त लोगोबद्दल. पैसे देणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. लोगो छातीवर की पाठीवर यावर ती आठवडा घालवतात. हा म्हणाला, ‘तुम्हाला योग्य वाटेल तिथे लावा.’

चेक कुरिअरने आला. तो भलत्याच एका फर्मच्या नावाचा होता, ‘आमची पेमेंट्स तीच संस्था बघते’ असं स्पष्टीकरण सोबत होतं. रक्कम ठरल्यापेक्षा बरीच जास्त. वरची रक्कम एस्कॉर्ट बोटीच्या मालकाची, त्याच्याशी कंपनीचं आधीच बोलणं झालं आहे, ती तेवढी तुमच्या खात्यातून त्याला पाठवा, म्हणजे बोट संघाच्या नावावर राहील, असा निरोप. बोटमालकाचा खातेक्रमांक आला, बोटीचा फोटो आला. आमची खजिनदार काटेकोर आहे. तिने चेक भरला आणि थांबली. दोन दिवसांनी खात्यात रक्कम दिसू लागली. तिने बँकेत फोन करून ‘पैसे जमा झाले का?’ असं विचारलं आणि पलीकडून ‘हो, जमा आहेत’ असं उत्तर मिळालं. उत्तर खोटं नव्हतं. खात्यात आकडा दिसणं वेगळं आणि चेक वटणं वेगळं. अनेक बँका चेक वटायच्या आधीच ती रक्कम ग्राहकाला वापरू देतात. पुढे चेक परत आला की ती काढून घेतात, आणि मधल्या काळात जे खर्च झालं ते खातेदाराच्या माथी. विचारायला हवं ते असं: ‘चेक ज्या बँकेचा आहे त्या बँकेकडून पैसे आले का, आणि आता तो परत येऊ शकतो का?’ हे लेखी विचारा.

इकडे मेलवर मेल. दुसरा संघ त्याच बोटीच्या मागे आहे, संध्याकाळपर्यंत पैसे पोचले नाहीत तर बोट हातची जाईल. आम्ही वायर ट्रान्सफरने, म्हणजे बँकेतून थेट त्या खात्यात, रक्कम पाठवली. त्यानंतरच्या आठवड्यात चेक परत आला. फर्म खरी होती, चेक छापलेला होता, खातं त्यांचंच, पण चेक त्यांनी दिलेला नव्हता. वरती बँकेचा दंड. टी-शर्ट, सोडत आणि मशीनवरचे मैल, सगळं त्यात गेलं. त्या वर्षी आम्ही गेलो नाही.

फोटोचं नंतर लक्षात आलं. संघातली एक जण स्वतः बोट चालवते. तिने तो मोठा करून पाहिला. अमेरिकेत राज्यात नोंदवलेल्या बोटीच्या नाकाडाजवळ नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो आणि त्याची सुरुवात राज्याच्या दोन अक्षरांनी होते. हवाईची अक्षरं एचए. या बोटीवर एफएल होतं, म्हणजे फ्लोरिडा. दुसऱ्या महासागराच्या काठावरची बोट काइवीत आमच्यामागे धावणार होती! कुठल्याशा विक्रीच्या जाहिरातीतून उचललेला फोटो असावा.

पोलिसांत तक्रार दिली, बँकेला लेखी कळवलं. वायरने गेलेला पैसा पहिल्या काही तासांत अडवता आला तर येतो. आम्हाला कळेपर्यंत तो पुढे काढून घेतलेला होता. देणगीदारांना आम्ही काय झालं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. दोघांनी पैसे परत मागितले, ते आम्ही वर्गणी काढून दिले. बाकीच्यांनी उलट धीर दिला. एका आजीबाईंनी सोडतीचं तिकीट पुन्हा विकत घेतलं.

यानंतर आणखी एक प्रकार झाला आणि तो कोणी सांगत नाही म्हणून सांगते. एका ‘वसुली तज्ज्ञा’चा मेल आला. तुमचे पैसे कुठल्या खात्यात अडकलेत ते आम्हाला ठाऊक आहे, फक्त प्रक्रिया शुल्क आधी भरा. रक्कम त्याने अगदी बरोबर सांगितली होती. एकदा फसलेल्यांची नावं अशा टोळ्या एकमेकांना विकतात हे तेव्हा कळलं. त्याला उत्तर दिलं नाही, मेल तेवढा तक्रारीला जोडला.

आता बोट आम्ही शर्यतीत आधी उतरलेल्या क्लबच्या ओळखीनेच शोधतो. अशा एका बोटवाल्याशी मागच्या आठवड्यात बोलणं झालं. बदली किती मिनिटांनी करता, लाटेत पोहायची सवय किती जणींना आहे, उलट्या कोणाला होतात, हे सगळं त्याने खोदून खोदून विचारलं. बोटीचा नोंदणी क्रमांक मागितला तर लगेच दिला आणि आगाऊ रकमेचा विषय शेवटी आम्हालाच काढावा लागला.