तारकर्लीचं घर खरं, नंबर खोटा

मे महिन्यात लग्नाला, पूजेला किंवा नुसतं मित्रमंडळींबरोबर समुद्रावर म्हणून मालवण-तारकर्लीकडे निघणार असाल आणि खोली अजून मिळाली नसेल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. आम्हाला ज्या घराच्या नावानं फसवलं ते घर खरं आहे. फोटो खरे होते, नकाशावरची खूण खरी होती, राहून गेलेल्या लोकांनी लिहिलेलं कौतुकही खरं होतं. खोट्या होत्या त्या दोनच गोष्टी, फोन नंबर आणि बँक खातं.

कॉलेजच्या गटातल्या मित्राचं लग्न होतं. गाव मालवण-कुडाळ रस्त्यावर, चौक्याजवळ. शनिवारी हळद, रविवारी घरासमोरच्या मांडवात लग्न. आमच्यातलं कुणी पुण्यात, कुणी डोंबिवलीत, एक जण नाशिकला. या निमित्तानं सगळ्यांनी मुलाबाळांसकट यायचं, हळदीआधीची दुपार समुद्रावर काढायची आणि लग्न लागल्यावर आणखी एक रात्र राहून मग परतायचं, असा बेत ठरला. लग्नघरी मुंबईचे चाकरमानी, आत्या, मावश्या सगळेच उतरणार. तिथे आपला भार नको म्हणून तारकर्लीला खोल्या बघायच्या ठरल्या.

मे महिन्यात तिकडे खोली मिळणं किती कठीण असतं ते जाणारे जाणतात. शाळांना सुट्टी, आंब्याचा हंगाम, पावसाआधी उरकायची लग्नं. शिवाय २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स आणि प्रवासी होड्या बंद असतात. त्यामुळे ज्याला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचंय, स्कूबा करायचंय, तो त्याआधीचाच शनिवार-रविवार धरतो. जिथे जिथे फोन केला तिथून एकच उत्तर आलं, फुल आहे. फसवणारा नेमका याच गर्दीवर जगतो. सगळीकडे खोल्या संपलेल्या असतात तेव्हा त्याच्याकडे मात्र असतात.

इन्स्टावर एका घराचं पान सापडलं. कौलारू घर, पुढे सारवलेलं खळं, दोन माडांना बांधलेला निळा झोपाळा, मागे समुद्र. नकाशावर त्याच नावाचं, त्याच झोपाळ्याचं घर होतं आणि खाली लोकांनी जेवणाची, घरच्या माणसांच्या वागण्याची तारीफ लिहिलेली होती. पानावरच्या नंबरला फोन लावला. आवाज तरुण, बोलणं अदबीचं. "ताई, किती जण आहात? वयस्कर माणसं आहेत का? मग त्यांना खालचीच खोली देतो, पायऱ्या नकोत. सुरमई हवी की पापलेट ते आदल्या दिवशी सांगा, आई लिलावावरून ताजी घेऊन येईल." लग्न कुणाकडचं, मुहूर्त कितीचा, हेही त्यानं आपुलकीनं विचारून घेतलं. असं कोकणात कुणीही विचारतं. ती माहिती पुढे आमच्यावरच वापरायची होती, हे त्या प्रश्नांत कुठेही दिसत नव्हतं.

चार खोल्या, दोन रात्री, २२,००० रुपये. अर्धे आगाऊ. त्यानं क्यूआर कोड पाठवला, त्यावर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारल्यावर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, जीएसटीचं सगळं तोच बघतो." ११,००० गेले. लगेच पावती आली, तिच्यावर घराचं चित्र, जीएसटी क्रमांक, सही, सगळं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. "ताई, कोल्हापूरची एक पार्टी पूर्ण पैसे एकदम द्यायला तयार आहे. मी त्यांना नाही म्हणतोय, कारण तुमच्या मित्राचं लग्न आहे, रविवारी अकरा बेचाळीसचा मुहूर्त, लहान मुलांना घेऊन तुम्ही कुठे फिरणार? पण मालक ऐकत नाहीत." उरलेले ११,००० गेले. मग ५,००० अनामत, ती म्हणे 'सिस्टीममधून' दहा मिनिटांत आपोआप परत येते. परत काही आली नाही. उलट त्याचा निरोप आला की नोंद चुकलीय, आणखी ५,००० पाठवा म्हणजे १०,००० एकदम परत येतील.

आमच्यातली एक मैत्रीण बँकेत आहे. तिनं सगळ्यांना तिथेच थांबवलं. आपले पैसे परत मिळण्यासाठी आपल्यालाच पैसे भरायला सांगतात, तिथे फसवणूक असतेच, असं ती ठामपणे म्हणाली. मी त्याला तसं कळवलं. पण तो चिडला नाही, की गायबही झाला नाही. "राहू दे ताई, आल्यावर हातात देतो," म्हणाला. त्यानंतर रोज त्याचे निरोप येत राहिले. कुडाळ स्टेशनवर रिक्षावाले किती सांगतात आणि किती द्यायचे, उन्हाचा तडाखा किती आहे, मुलांसाठी टोप्या आणा. अंथरूण घातलेल्या खोलीचा फोटोही आला. चोर एकदा पैसे मिळाले की पळतो, ही आपली समजूत असते. हा माणूस आम्ही निघेपर्यंत आमच्याशी बोलत होता आणि त्यामुळेच आमच्या मनातली शंका विरली.

कोकणकन्येनं सकाळी कुडाळला उतरलो आणि त्यानं पाठवलेल्या खुणेवर बरोबर त्या घरासमोर पोचलो. निळा झोपाळा होता. खळ्यात दुसऱ्याच लोकांच्या गाड्या उभ्या होत्या आणि फाटकाबाहेर निपाणीहून आलेलं एक कुटुंब सामानासह उभं होतं. त्यांच्याही हातात तसलीच पावती. त्या गृहस्थांचा आवाज चढलेला, घरातल्या मुलाचाही चढलेला. आमच्याकडचा त्या माणसाचा नंबर लावून बघितला तर फोन बंद.

तेवढ्यात घरातली वयस्कर बाई बाहेर आली. आमच्या हातातल्या पिशव्या बघून तिनं ओळखलं. "बाय, तुमी पण काय गो? आधी भितर येवा, पाणी पिया, मगे बोला." तिनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि मग सांगितलं, "फोटो आमच्याच घराचे आसत, पण नंबर आमचो नाय." हंगाम सुरू झाल्यापासून तिच्या दारात असे लोक येत होते. काहींनी तिला शिव्या दिल्या होत्या, एकानं पैसे इथेच वसूल करीन म्हणून मुलाची कॉलर धरली होती. त्यांनी पोलिसांत तक्रार दिलेली आहे, पान खोटं असल्याचं कळवलेलं आहे. राहत्या घराच्या चार खोल्या काढून, कर्ज फेडत, आल्यागेल्याला रांधून वाढणारी ही माणसं. त्यांचं नाव, त्यांच्या अंगणाचा फोटो, त्यांच्याबद्दल लोकांनी लिहिलेले चार चांगले शब्द, हे सगळं चोरून विकलं जातं आणि शिव्या त्यांच्या दारात येऊन पडतात. असं कुणाच्या बाबतीत घडलं आणि तुम्ही अशा फाटकाशी पोचलात, तर घरच्या माणसांवर आवाज चढवू नका. आपले पैसे एकदा गेले. त्यांच्या दारात हे रोज घडतंय.

त्या घरी जागा नव्हतीच. लग्नघरी कळवलं तेव्हा अर्ध्या तासात दोन गाड्या आल्या. वाडीतल्या तीन घरांत आमची सोय झाली, पुरुष मंडळी खळ्यात चटया टाकून झोपली. हळद छान झाली. रविवारी पंगतीत वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, सगळं पोटभर जेवलो. संध्याकाळी सगळे मिळून समुद्रावरही गेलो, कारण नवरदेवानंच ते हट्टानं करायला लावलं. पण त्या दोन दिवसांतली एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

खोल्या ठरवताना त्या माणसानं सगळ्यांची आधार कार्डं मागितली होती आणि 'लग्नाच्या पाहुण्यांना सवलत' म्हणून लग्नपत्रिकेचा फोटोही. पत्रिकेवर खाली नवरदेवाच्या वडिलांचा फोन नंबर होता. शुक्रवारी, म्हणजे आम्ही गाडीत बसण्याआधी, त्यानं काकांना फोन केला. "तुमच्या मुलाचे मित्र आमच्याकडे उतरणार आहेत, ८,००० बाकी आहेत, ते म्हणाले यजमान देतील. आज नाही आले तर खोल्या सोडाव्या लागतील." काकांनी आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही. लग्नाला येणाऱ्या पाहुण्याला पैशाचं कसं विचारायचं, म्हणून पुतण्याकरवी पैसे पाठवून टाकले. मांडव, आचारी, भटजी, बँडवाले, सगळ्यांचे हिशेब डोक्यावर असताना. आम्ही फसलो हे कळल्यावरही ते गप्पच होते. हळदीच्या रात्री काकींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्याच्या घरच्या कार्यातली ही भीड हेरून त्यावर घाला घालणाऱ्या माणसाला मी क्षमा करू शकत नाही. लग्नपत्रिकेचा फोटो नातेवाइकांखेरीज कुणालाही पाठवू नका. त्यात तारीख, वेळ, गाव, वडीलधाऱ्यांची नावं आणि नंबर, सगळं एका कागदावर असतं.

तक्रारीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे वेळेला फार महत्त्व आहे. १९३० हा देशभराचा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे तक्रारीचं सरकारी संकेतस्थळ. फोन लावण्याआधी आपली बँक, रक्कम, व्यवहाराची वेळ, बारा आकडी यूटीआर क्रमांक (व्यवहाराची ओळख पटवणारा क्रमांक) आणि समोरच्याचा यूपीआय आयडी कागदावर लिहून घ्या. तिकडून हेच विचारतात. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवायची हालचाल सुरू होते. पण हे पैसे एका खात्यात थांबत नाहीत, एकातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातात आणि कुठेतरी एटीएममधून निघतात. आमचे २७,००० त्याच्याकडे जाऊन बरेच दिवस झाले होते, त्यातले अगदी थोडे अडकले. काकांच्या पैशांची तक्रार आम्ही हळदीच्या रात्रीच केली, त्यातले जवळजवळ सगळे गोठले. हाच तो फरक. गोठलेली रक्कम मात्र अजून हातात आलेली नाही, ती मिळावी म्हणून न्यायालयात अर्ज दिलेला आहे.

बँक भरून देईल या भरवशावर राहू नका. ग्राहकाच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला संरक्षण देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं आणला. इथे पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे त्याचा आधार मिळत नाही, असं आम्हाला बँकेतून सांगितलं गेलं.

आता खोली ठरवताना काय बघायचं. घराचे फोटो, अभिप्राय, नकाशा हे तपासण्यात वेळ घालवू नका, ते खरे असले तरी फसवणूक होऊ शकते. नंबर तपासा. जुन्या पाहुण्यांनी नकाशावर टाकलेल्या फोटोंत बऱ्याचदा घराबाहेरचा फलक दिसतो आणि फलकावर नंबर असतो, तो पानावरच्या नंबराशी ताडून पाहा. नकाशावर लिहिलेला नंबरही लोक बदलू शकतात, म्हणून नुसता तो धरू नका. मग सरळ व्हिडिओ कॉल मागा आणि फाटकापासून ओसरीपर्यंत चालत दाखवायला सांगा. आम्ही गेलो त्या घरची माणसं आता स्वतःहून असं दाखवतात. खोटा माणूस 'मी बाहेर आहे, नेटवर्क नाही' म्हणतो.

पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचा. २०२५ च्या मध्यापासून यूपीआयच्या ॲपमध्ये बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते घरमालकाचं नसेल तर कारण कितीही पटणारं असो, तिथे थांबा. पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद असेल तर प्रमाणपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच आहे का ते बघा. आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. आणि लग्नाला जात असाल तर भीड न ठेवता लग्नघरच्या कुणालातरी एक फोन करा. तारकर्ली, देवबाग, वायरी या गावांतून कुणाचं घर कुठे आणि त्याचा नंबर काय, हे तिथला कुणीही दोन फोनांत काढून देतो. आमच्या मित्राच्या चुलतभावाच्या फोनमध्ये त्या घरचा खरा नंबर होता.

ते पान नंतर बंद झालं. पण तेच फोटो, तोच निळा झोपाळा आता दुसऱ्या नावाच्या पानावर आलेला आहे आणि त्यावर घर देवबागचं म्हणून सांगतात. घरच्या लोकांनी त्याचीही तक्रार दिली आहे. दोन माडांमधला निळा झोपाळा आणि 'देवबाग' असं एकत्र दिसलं, तर तिथे पैसे पाठवू नका.