लाकडी घाण्याचे खोबरेल आणि साताऱ्याची थंडी: कुरळ्या केसांवर अडीच महिन्यांचा अनुभव

साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला असलेल्या एका लाकडी घाण्यावरून नोव्हेंबरच्या अखेरीस मी अर्धा लिटर खोबरेल तेल घेतले आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केसांना दुसरे कोणतेही तेल लावले नाही. माझे केस जन्मजात कुरळे आणि दाट आहेत. पूर्वी एका पार्लरमध्ये मी ते दोनदा सरळ करून घेतले होते, आणि दोन्ही वेळा काही महिन्यांतच टोकांना फाटे फुटून ती राठ झाली. ती सगळी लांबी हळूहळू कापून टाकायला मला चार वर्षे लागली. आता डोक्यावर आहेत ते पूर्णपणे माझे स्वतःचे केस आहेत, आणि म्हणूनच हिवाळ्यात त्यांची हेळसांड होऊ नये याची मला मनापासून काळजी वाटते.

साताऱ्याच्या हिवाळ्याचा त्रास थंडीपेक्षा कोरडेपणाचा अधिक असतो. पावसाळ्यात कास आणि महाबळेश्वरच्या बाजूने येणाऱ्या दमट हवेत माझे केस फुगतात, पण निदान मऊ तरी राहतात. दिवाळी सरली की वारा जमिनीवरून, ईशान्येकडून येऊ लागतो, पहाटे गारठा आणि दुपारी कडक ऊन असे दिवस सुरू होतात, आणि सकाळी पोवई नाक्यावरून स्कूटरने कामावर पोहोचेपर्यंत केसांची टोके वाळलेल्या गवतासारखी लागतात. सरळ केसांना हे कमी जाणवते, कारण टाळूतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते आणि टोकापर्यंत पोहोचतच नाही. त्यात आपण थंडीत बंबाचे कढत पाणी डोक्यावरून घेतो, जे टाळूवर होते नव्हते तेवढे तेलही धुऊन नेते.

घाण्यावर गेले तेव्हा खोबऱ्याचाच घाणा चालू होता. पूर्वी बैल फिरवत असत तिथे आता विजेची मोटर आहे, पण लाकडी लाट, म्हणजे खोबरे चिरडणारे उभे लाकूड, उखळीत संथपणेच फिरते, त्यामुळे तेल फारसे तापत नाही. सुक्या खोबऱ्यात 60 टक्क्यांहून अधिक तेल असते; ते निघाल्यावर उरलेली पेंड जनावरांसाठी बाजूला ठेवलेली होती. काढलेले तेल दोन-तीन दिवस डब्यात निवळू देतात आणि मग फडक्यातून गाळून विकतात. मला दिलेले तेल पाण्यासारखे नितळ होते आणि त्याला ओल्या नारळाचा नव्हे, तर भाजलेल्या खोबऱ्याच्या जवळ जाणारा, घरात चटणी वाटताना येतो तसा वास होता. आठवडाभर तो उशीलाही येत राहतो. ज्यांना केसांना वास नको असतो त्यांना हे तेल आवडणार नाही.

घाणेवाल्या काकांनी पैसे घेताना आपणहून सांगितले, “ताई, थंडीत हे थिजणारच. थिजलं नाही तर मला येऊन विचारा, काय मिसळलंय म्हणून.” खोबरेल साधारण 24-25 अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे डिसेंबरमध्ये सकाळी ते तुपासारखे घट्ट झालेले असणे हा दोष नाही. दोष आहे तो बाटलीचा. अरुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत तेल भरून दिल्यामुळे पहिल्या थंड सकाळी मला त्यातून एक थेंबही काढता आला नाही, आणि कामाची घाई असताना बाटली गरम पाण्यात धरून दहा मिनिटे उभे राहावे लागले. त्याच रात्री मी सगळे तेल वितळवून रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओतले. आता चमच्याने तुकडा काढून तळहातांवर चोळला की शरीराच्या उबेने तो अर्ध्या मिनिटात वितळतो. तेल थेट गॅसवर तापवू नये. वाटी गरम पाण्यात ठेवली तरी पुरते. घाण्याने थंडीच्या दिवसांपुरत्या तरी बरण्या ठेवाव्यात, किंवा गिऱ्हाइकाला घरून डबा आणायला आधीच सांगावे.

आता मुख्य मुद्दा. पहिले दोन आठवडे मी हे तेल चुकीच्या पद्धतीने वापरले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे बहुतेक घरांत तसेच वापरले जाते. केस कोरडे वाटले की कोरड्याच केसांवर तेल चोपडायचे, ही आपली सवय आहे. त्याने केस चमकतात, चिकट होतात, पण बोटांत धरून पाहिले तर आतून तसेच कडक राहतात, कारण तेलात पाणी नसते. केसाला मऊपणा येतो तो पाण्याने. तेलाचे काम ते पाणी लवकर उडून जाऊ न देणे हे आहे. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये, ज्यांचे केस आपल्यापेक्षा कितीतरी अधिक घट्ट वळणांचे असतात, आधी पाणी किंवा पातळ कंडिशनर, मग तेल आणि शेवटी क्रीम अशा थरांची पद्धत रूढ आहे. मी तीच आपल्या हवेला जुळवून घेतली, आणि त्यानंतरच या तेलाचा खरा गुण कळला.

माझा क्रम असा बसला आहे. आठवड्यातून दोनदा न्हाते. न्हाण्याच्या आदल्या रात्री तीन चमचे तेल केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावते आणि सैल वेणी घालून झोपते. खोबरेलाचे वैशिष्ट्य असे, की त्यातील जवळपास निम्मे मेदाम्ल (फॅटी ॲसिड) लॉरिक आम्ल असते आणि त्याचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते. इतर बरीचशी तेले वरवर राहतात. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि धुण्याआधी किंवा नंतर लावल्यास केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाल्याचे त्यात दिसले होते. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच तो अभ्यास वाचावा. तरीही माझ्या विंचरण्यात तुटणारे केस डिसेंबरअखेर डोळ्यांना दिसण्याइतके कमी झाले होते. सकाळी कोमट पाण्याने, टाळूपुरताच शाम्पू लावून धुते आणि कंडिशनर लावलेले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवते. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती पंचात केस गुंडाळते. ते ओलसर असतानाच, पाणी गळायचे थांबल्यावर पण कोरडे व्हायच्या आत, वाटाण्याएवढे तेल तळहातांवर वितळवून फक्त टोकांना चेपते. हे प्रमाण फार महत्त्वाचे आहे. एकदा मी त्याच्या तिप्पट घेतले, तेव्हा संध्याकाळपर्यंत केसांना रस्त्याची सगळी धूळ चिकटली होती.

न्हाण्याच्या मधल्या दिवसांत तेलाला हात लावत नाही. हात ओले करून बटांवरून फिरवते, बाहेर पडताना स्कार्फ बांधते, एवढेच. ग्लिसरीन घातलेले पाणीही करून पाहिले, पण जानेवारीच्या कोरड्या हवेत त्याने केस उलट अधिक राठ वाटले, म्हणून सोडून दिले.

घाण्याचे तेल कारखान्याच्या तेलापेक्षा केसांना जास्त पोषक असते का, असे मला मैत्रिणी विचारतात. माझे उत्तर त्यांना फारसे आवडत नाही. लॉरिक आम्ल दोन्हींत सारखेच असते, त्यामुळे केसांची झीज रोखण्याच्या कामात साध्या, शुद्ध, बाटलीबंद खोबरेलाला मी कमी लेखणार नाही. घाण्यावर मी जास्त पैसे मोजते ते ताजेपणासाठी, वासासाठी आणि माझ्या डोळ्यांसमोर कोणते खोबरे घाण्यात पडले हे पाहता येते यासाठी. इथले खोबरे पांढरेशुभ्र, कडेने न काळवंडलेले होते, आणि विचारल्यावर काकांनी त्यातला एक तुकडा खायला दिला. ज्यांना हे महत्त्वाचे वाटत नाही त्यांनी वाण्याकडची सुगंध न मिसळलेली बाटली घ्यावी आणि वरच्याच पद्धतीने वापरावी.

एका बाबतीत मात्र सावध करायला हवे. डोक्यात कोंडा असेल तर हे तेल टाळूवर मुळीच मुरवू नये. थंडीत टाळू कोरडी पडून निघणारे बारीक कोरडे पापुद्रे वेगळे आणि पिवळसर, चिकट कोंडा वेगळा. दुसऱ्या प्रकारात टाळूवर राहणारी मॅलॅसेझिया ही बुरशी तेलातील मेदाम्लांवरच पोसली जाते. माझ्या बहिणीने माझे पाहून रोज रात्री टाळूला तेल मुरवले आणि पंधरा दिवसांत तिची खाज वाढली. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला आधी तेल बंद करायला सांगून औषधी शाम्पू दिला. आता ती टाळू सोडून फक्त टोकांना तेल लावते आणि तिला त्रास नाही.

आमच्या इमारतीत वापरायला बोअरचे पाणी आहे, आणि त्यातील क्षारांमुळे केसांवर येणारा खरखरीतपणा हे तेल पूर्णपणे घालवू शकले नाही. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा ओतल्यावर जेवढा फरक पडला, तेवढा तेलाच्या कितीही चमच्यांनी पडला नसता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या वेळी बरणीतले तेल कडेने सुटू लागले आणि मधला पांढरा गोळा सुटा दिसू लागला. तळाला अजून तीन बोटे तेल शिल्लक आहे; वास पहिल्या दिवसासारखाच आहे, खवटपणा अजिबात नाही. पुढच्या थंडीसाठी मी पुन्हा तिथूनच घेणार आहे, पण बाटलीत नाही, स्टीलचा झाकणाचा डबा बरोबर नेऊन.