कमिशन वाचवलं आणि मुक्काम गमावला

सुट्ट्यांची गर्दी ओसरली की खेड्यातल्या होमस्टेचे दर उतरतात, म्हणून आम्ही मुद्दाम शरदातले मधल्या वारचे तीन दिवस धरले. इथवर हिशेब बरोबर होता. घोळ झाला तो आणखी चार पैसे वाचवायच्या नादात.

एका साइटवर शेताच्या बांधावरचं घर सापडलं. मालकाला मेसेज टाकला, तर लगेच उत्तर: "दादा, साइटला कमिशन कशाला देता? थेट खात्यावर पाठवा, 20 टक्के कमी करतो." तासाभराने पुन्हा: "दुसरं एक कुटुंब विचारतंय, तुमचं नक्की ना?" (हे दुसरं कुटुंब कधी कुणी पाहिलेलं नाही.) बायको म्हणाली, आत्ता निम्मेच पाठव. पण सगळे एकदम भरले तर आणखी 5 टक्के सूट होती. मी शहाणा, सगळे भरले.

शरदात दिवस किती पटकन मावळतो ते शेवटच्या बसमधून उतरल्यावर कळलं. अंधार, फोनला रेंज जेमतेम, मालकाचा नंबर बंद. नकाशावरच्या खुणेपाशी नुसतं नांगरलेलं रान. पलीकडच्या घरातून एक आजी बॅटरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीपण त्याच घराला आलात का?" त्या 'पण'ने पोटात गोळाच आला. रात्रीपुरता त्यांनीच आसरा दिला.

परतल्यावर ते फोटो मोठे करून पाहिले. भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे उलटे! कुणाच्या तरी घराचा फोटो उचलून आरशातल्यासारखा फिरवला होता. असं केलं की फोटोवरून शोध घेतला तरी मूळ घर सहजी हाती लागत नाही. मी तो सरळ करून शोधला, तर घर निघालं भलत्याच देशातलं.

व्यवहार बाहेर झाला म्हणून साइटने हात वर केले. पैसे मी स्वतःहून पाठवलेले, त्यामुळे बँकेतही फक्त तक्रार नोंदवून घेतली. कार्डाने भरले असते तर निदान व्यवहारावर हरकत घेता आली असती. साइटवरून भरले असते तर बऱ्याच ठिकाणी मालकाच्या हातात पैसे पडतात ते आपण मुक्कामी पोचल्यावर. मी वाचवलेलं कमिशन होतं ते नेमकं याचंच.

आता आम्ही नकाशाच्या उपग्रह चित्रात छप्पर दिसतंय का ते आधी बघतो आणि मालकाला व्हिडिओ कॉलवर फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालायला लावतो. खरा मालक कुरकुरतो, पण चालतो.

तक्रार केल्यावर चौथ्या दिवशी एका अनोळखी माणसाचा फोन आला. "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी फी भरावी लागेल." बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.