कमी वजनाचं बाळ, दवाखान्यातला मुक्काम आणि कांगारू पद्धत: आठ महिन्यांनंतर

आमची मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १३८० ग्रॅम. आता ती आठ महिन्यांची आहे. लिहीन लिहीन म्हणत राहिलं होतं, पण परवा ओळखीतल्या एकीचं बाळ काचेत ठेवल्याचं कळलं आणि तिच्या घरच्यांनी फोनवर पहिलंच विचारलं, "जास्त मशिनी कुठल्या दवाखान्यात आहेत?"

मशिनी लागतातच. आमच्या लेकीला सुरुवातीला सीपॅप लागला. नाकावाटे हवेचा हलका दाब देत राहायचा, म्हणजे कोवळी फुफ्फुसं श्वास सोडताना मिटत नाहीत. त्याशिवाय ती तगली नसती. पण आज मला कुणी विचारलं की मी सांगते, त्या प्रश्नाआधी दुसरा विचारा: आईला आत किती वेळ बसू देतात?

मला आठव्या महिन्यात बीपीनं गाठलं. पायांना सूज, डोकं दुखणं, लघवीत प्रथिनं. तासगावच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता सांगलीला पाठवलं. बाळाला जन्मानंतर हलवण्यापेक्षा पोटात असतानाच मोठ्या ठिकाणी नेलेलं केव्हाही चांगलं, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावून सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. सिझरिंगच्या आधी मला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं मिळाली. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून ती आईला देतात. ज्यांना दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण होईल असं सांगितलंय, त्यांनी या इंजेक्शनांबद्दल जरूर विचारावं.

पहिलं रुग्णालय सांगली-मिरज पट्ट्यातलंच, नाव लिहीत नाही. उपचारांत कसूर नव्हती. पण भेट सकाळी आणि संध्याकाळी, तीही काचेबाहेरून. मी वरच्या मजल्यावर टाके सांभाळत पडलेली, बाळ खाली. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: इन्फेक्शन होईल. दुधाचं विचारलं तर, आलं तर द्या, नाहीतर पावडर आहे. आमच्याकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू होती. नवरा दिवसभर बागेत, रात्री मोटरसायकलवर दवाखान्यात. त्यात रोजचं बिल. सीपॅप निघाला, तब्येत स्थिर झाली, तेव्हा तिथल्याच एका सिस्टरनं हळूच सांगितलं की अमुक ठिकाणी आईला आत घेतात, तिकडे जा.

दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच दिवशी मला आत नेलं. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, मनगटाचा दोरा काढून ठेवायला सांगितलं. सासूबाईंचा चेहरा उतरला, बाळंतिणीचे हात उघडे बघून त्यांना गलबलून आलं. मग कोपरापर्यंत साबणानं हात धुणं, नखं कापलेली आहेत का ते दाखवणं, गाऊन. आणि मागं रेललेल्या खुर्चीत बसवून सिस्टरनं ती माझ्या छातीवर ठेवली. अंगावर लंगोट, टोपरं आणि पायमोजे एवढंच. उभी, दोन्ही स्तनांच्या मधोमध, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली. हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, नाक मोकळं राहिलं पाहिजे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं.

हीच कांगारू पद्धत. १९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, कारण तिथल्या दवाखान्यात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. म्हणून बरेच जण अजून समजतात की पेटी नसेल तर ही सोय. तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं भारतासह पाच देशांत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. १ किलो ते १.८ किलोच्या आतली बाळं त्यात होती. जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी दिलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू, तब्येत स्थिर झाल्यावर मग कांगारू दिलेल्या बाळांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाले. लगेच कांगारू दिलेल्या गटात आईची खाट बाळाच्याच कक्षात होती, आणि जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळंही त्या गटात कमीच होती. त्यानंतर २०२२ मध्ये संघटनेनं शिफारसच बदलली: जन्मल्यापासून जमेल तितक्या लवकर सुरू करा, दिवसातले ८ ते २४ तास द्या. हे वाचलं तेव्हा ते काचेबाहेरचे दिवस आठवून मला फार राग आला. अजून येतो.

दूध हा दुसरा मोठा विषय. पहिले दिवस हाताला थेंब थेंब चीक लागायचा. सिस्टर तो सिरिंजमध्ये घेऊन बाळाच्या गालाच्या आत लावायच्या, उरलेला नळीनं पोटात. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही, तो साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमायला लागतो. म्हणून आधी नळी, मग वाटी-चमचा, मग अंगावर. बाटली अजिबात नाही. दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढायचं, रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. शेजारच्या खाटेवर अथणीकडची एक मुलगी होती. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी जेमतेम. रात्री दोनला ती मला हलवून उठवायची, पहाटे मी तिला. दोघी वाट्या धरून बसायचो. छातीवर बाळ ठेवून उठलं की दूध जास्त यायचं, हे आम्ही दोघींनी अनुभवलं.

सुरुवातीला वजन उतरतं. १३८० चं १२७० झालं तेव्हा मी हादरले. कुणीतरी आधी सांगायला हवं की पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांच्या आसपास, कधी थोडं जास्तही, वजन कमी होणं अपेक्षित असतं आणि ते दोन आठवड्यांत भरून निघतं. त्यानंतर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ हवी. मधेच ती श्वास घ्यायची थांबायची, मॉनिटर ओरडायला लागायचा. या बाळांच्या मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं, त्यासाठी कॅफीनचं औषध चालू होतं. माझ्या अंगावर असताना तो मॉनिटर कमी वाजायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

सगळंच उत्तम नव्हतं. रेललेल्या खुर्च्या कमी, बाळांच्या माता जास्त. बाथरूम लांब, टाके ओले असताना तिथवर जाणं जिवावर यायचं. वडिलांना आत घ्यायला सुरुवातीला कां-कूं झाली. पण एकदा मला ताप आला तेव्हा नवऱ्याला घेतलंच. बागेतून आलेला माणूस आंघोळ करून, छाती उघडी टाकून, न हलता बसून राहिला. सासूबाईंनीही कांगारू दिलं. त्यांचं आधी म्हणणं होतं की बाळंतिणीनं असं उघड्यावर बसू नये. सिस्टरनं बाळाचं तापमान आधी मोजून दाखवलं, त्यांच्या छातीवर ठेवल्यावर परत मोजून दाखवलं. त्यानंतर पाळी कुणाची यावर त्याच माझ्याशी भांडायच्या.

पैशांचं थोडक्यात. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. २०११ पासून हे चालू आहे, पुढे ते एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळांनाही लागू झालं. खासगीत जाणार असाल तर ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

डोळ्यांची तपासणी मात्र कुणीही टाळू नका. यावर मला जास्त लिहायचंय. दिवस पुरे न झालेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटून कायमचं अंधत्व येऊ शकतं. याला आरओपी म्हणतात. २ किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची तपासणी चार आठवड्यांच्या आत व्हायलाच हवी, आणखी लहान असेल तर त्याआधी. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, त्यामुळे घरच्यांना कळत नाही. वेळेत सापडलं तर लेसरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचते. आमच्या वेळी डिस्चार्ज आणि ही तारीख जवळजवळ आली, आणि घरी गेल्यावर "बघू पुढच्या आठवड्यात" असं सगळेच म्हणायला लागले. मी ऐकलं नाही. रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत परत परत बोलावतात, तेही सगळं केलं. कानांची तपासणीही तशीच करून घ्या.

घरी कांगारू चालूच ठेवलं. बाजारात इलॅस्टिकचे तयार पट्टे मिळतात, आम्हीही मागवला होता. दीड-पावणेदोन किलोच्या बाळाला तो ढिला होतो, मूल खाली सरकतं आणि मान दुमडते. सासूबाईंच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारीतून कापलेली पट्टी सगळ्यात चांगली ठरली. बाळाच्या पाठीवरून, माझ्या काखेतून मागे नेऊन घट्ट गाठ, वरची कड बाळाच्या कानापर्यंत. तयार पट्टा दोन किलो ओलांडल्यावर कामाला आला. एका वेळी तासभर तरी धरायचं, सारखं काढघाल करून बाळाला हैराण करायचं नाही. ऐन थंडीत रात्री उशीला उशी लावून, अर्धवट बसून झोपले. अडीच किलोच्या जवळ आल्यावर तीच हातपाय झाडून बाहेर यायला बघायला लागली, तेव्हा थांबवलं.

धुरी, बाळगुटी आणि गर्दी या तिन्हीला घरात बंदी केली. त्यावरून नाराजी झाली, पण अशा फुफ्फुसांना शेगडीचा धूर सोसत नाही. पाचवीची पूजा दवाखान्यात राहून गेली होती, ती घरी आल्यावर सासूबाईंनी त्यांच्या समाधानापुरती केली. आशाताई वजनकाटा घेऊन यायच्या, त्यांच्या वहीतली रेघ वर गेली की आमचा दिवस चांगला जायचा.

आता लोक विचारतात, आठ महिने झाले, अजून बसत कशी नाही, उष्टावण का नाही केलं? ती दोन महिने आधी आली आहे. लस जन्मतारखेप्रमाणे द्यायची, पण मान धरणं, बसणं, वरचं अन्न हे सगळं ते दोन महिने वजा करून मोजायचं. त्या हिशेबानं ती आत्ता सहा महिन्यांची होतेय. वजन ६ किलो ६०० ग्रॅम आहे, लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत. मृगाचा पाऊस झालाय, मामा येऊन जायचा म्हणतोय, तेव्हा या रविवारी उष्टावण ठरवलंय. सोमवारी हिमोग्लोबिन तपासून लोहाचा डोस बदलायचा का ते डॉक्टर सांगणार आहेत.