स्कॉर्पिओ गेटवेचा हौदा काढून फ्लॅटबेड बसवला: एक टोमॅटो सीझन आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

आपली गेटवे म्हणजे महिंद्राची पिकअप, २०१२ ची, डबल केबिन, पिवळी पाटी, सेकंडहँड घेतलेली. इंजिन ठणठणीत, चेसिसला काही नाही, पण मागचा हौदा संपला होता. वर्षानुवर्षं युरिया, सुपर फॉस्फेट, ओलं शेणखत असलंच काय काय भरल्यावर पत्रा राहणार कसा, चाकाच्या कमानीजवळ भोकातून खालचा रस्ता दिसायचा. कंपनीनं ही गाडी बनवणंच बंद केल्यामुळं नवा हौदा मिळत नाही आणि भंगारात मिळतो तो आपल्यापेक्षा सडका. म्हणून मग सगळंच काढून सपाट डेक टाकायचं ठरवलं. आमचा भाग नारायणगावचा, माल मुख्यतः टोमॅटो, त्यामुळं पुढचं सगळं क्रेटच्या हिशोबानं वाचा.

आधी निकाल सांगतो कारण बरेच जण तेवढंच विचारतात. क्रेट, गोण्या, ठिबकची बंडलं, पॉवर टिलर असलं वाहणाऱ्याला फ्लॅटबेडसारखं सुख नाही. शेणखत, वाळू, मुरूम असा सुटा माल वाहणाऱ्यानं या भानगडीत पडू नये, फूटभर फाळक्यात (डेकच्या कडेला पाडता येणाऱ्या बाजू) सुटा माल थांबत नाही आणि फाळके उंच केले की परत हौदाच झाला की. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक पत्रा किती एमएम, रंग कुठला, मागं नाव काय टाकायचं यावर आठवडाभर चर्चा करतात, पण फ्लॅटबेडचा सगळा खेळ तो चेसिसवर टेकवलाय कसा यात आहे. वरचं काम कुठलाही गेटवाला फॅब्रिकेटर करतो हो.

तर टेकवण्याबद्दल. गाडीची चेसिस ही लवचिक वस्तू आहे, शेतातल्या चाकोरीत एक चाक खड्ड्यात आणि एक बांधावर गेलं की ती पिळवटते आणि तिनं पिळवटायलाच पाहिजे. डेक मात्र वेल्डिंग करून कडक केलेला असतो. असला कडक डेक चारही बाजूंनी गच्च आवळला की चेसिसला हलायला जागा राहत नाही, मग कुठंतरी ब्रॅकेट तुटतं नाहीतर चेसिसलाच चीर जाते, आणि ती जाते बरोबर केबिनच्या मागं जिथं डेकची लांब चॅनेल (पन्हळीसारखी लोखंडी तुळई) संपते तिथं. म्हणून आमच्या डेकखालच्या दोन लांब चॅनेलचं पुढचं टोक खालून तिरकं कापलंय, म्हणजे सगळा भार एका रेषेवर येत नाही. चॅनेल आणि चेसिसच्या मधे जुन्या कन्व्हेयर बेल्टचा पट्टा घातलाय. मागचे बोल्ट गच्च, आणि पुढच्या दोन बोल्टांना खाली जाड स्प्रिंग दिलीय, चेसिस पिळवटली की पुढून डेक थोडा उचलला जातो आणि परत बसतो. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, एवढं कोण करतं, सरळ वेल्ड मारू, आयुष्यभर हलायचं नाही." हलायला पाहिजे हेच त्याला पटवायला दोन चहा लागले.

चेसिसला वेल्डिंग करू दिलं नाही, नवीन भोकही पाडू दिलं नाही, खास करून वरच्या आणि खालच्या पट्टीला. जुना हौदा ज्या ब्रॅकेटवर बसला होता तीच वापरली आणि मधे दोन ठिकाणी यू बोल्ट दिले. यू बोल्ट देताना चेसिसच्या चॅनेलच्या पोटात ठोकळा घालायचा असतो, नाहीतर आवळताना चॅनेलच चेपतं, आणि डिझेलची नळी आणि ब्रेकचा पाइप त्याच बाजूनं जातो तेवढं बघून घ्या. नट सगळे नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे. पट्टा दबतो, त्यामुळं पहिल्या भरलेल्या फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट परत आवळावे लागले, चांगले अर्धा-अर्धा फेरा घेतला प्रत्येकानं. आता महिन्यातून एकदा पाना लावून बघतो, हलत नाहीत.

डेक गाडीवर न बांधता खाली लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) बांधून घेतला. एक तर दोन्ही कर्ण मोजून चौकट काटकोनात आणता येते आणि दुसरं म्हणजे गाडीवर वेल्डिंग कमीत कमी होतं. जे थोडंफार करावंच लागलं तेव्हा बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढले आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी लावला. लोक हसतात पण अल्टरनेटर गेला की मग हसत नाहीत.

आता मापं. टोमॅटोचं नेहमीचं क्रेट साधारण ५४० बाय ३६० एमएम असतं. डेक ठेवला ६ फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद, म्हणजे आडवी तीन आणि मागंपुढं पाच, एका थरात १५ क्रेट. जुन्या हौद्यात कमानी मधे यायच्या म्हणून आठाच्या वर नीट बसत नव्हती, बाकीची तिरपी कोंबायची आणि खालचा माल दबायचा. दोन थर म्हणजे ३० क्रेट, क्रेटच्या वजनासकट साडेसहाशे किलोच्या आसपास. वर तिसरा थर टाकायला जागा दिसते आणि मजूरही टाकायला बघतात, पण डबल केबिनचा डेक मागं असतो, जास्तीचा माल मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडं गेला की पुढचं टोक हलकं होतं आणि स्टेअरिंग तरंगायला लागतं. ओव्हरहँग, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मागं गेलेला भाग, व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराच्या) ६० टक्क्यांपर्यंत चालतो असा नियम आहे, आपल्या गाडीचा व्हीलबेस तीन मीटरच्या थोडा वर म्हणजे नियमात बरीच जागा उरते, पण नियमात बसतंय म्हणून डेक लांबवणारे मी बघितलेत आणि त्यांच्या गाडीमागून मी चालवत नाही.

पत्रा ३ एमएम चेकर, म्हणजे वर उठावदार नक्षी असलेला. मिस्त्रीचा आग्रह ५ एमएमचा होता. साधं गणित आहे, ३ एमएमचा साधा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, चेकर म्हणलं की वर दोन किलो धरा, आपला डेक सव्वातीन चौरस मीटरचा, म्हणजे नुसता पत्रा ८० किलोच्या वर. ५ एमएम घेतला असता तर आणखी ५० किलो, म्हणजे अडीच क्रेट माल प्रत्येक फेरीला घरी ठेवून जायचा, कारण बॉडीचं वजन गाडीच्या एकूण वजनातच धरलं जातं. पत्रा पातळ घ्या आणि खालच्या आडव्या पट्ट्या जवळ घ्या. आमच्या ५० बाय ५० च्या चौकोनी पाइपच्या पट्ट्या दर सव्वा फुटावर आहेत, टिलर चढवला तरी पत्रा दबलेला नाही. लाकडी फळ्यांचाही विचार केला होता, बाभळीच्या किंवा साल लाकडाच्या, बदलायला सोप्या असतात आणि उन्हात तापत नाहीत, पण चांगलं सुकलेलं लाकूड मिळेना आणि ओलं लाकूड घातलं की सुकून बोल्ट ढिले होणार.

चेकर पत्र्याला दोन वाईट खोड्या. एक म्हणजे मे महिन्यात तो असा तापतो की हात ठेवता येत नाही, खालच्या थरातल्या मालाला ती धग लागते. दुसरी, ओला झाला आणि वर टोमॅटोचा रस सांडला की साबण लावल्यागत घसरतो, त्या नक्षीचा काही उपयोग होत नाही. यावर उपाय गोठ्यातनं आला. गायीखाली घालतात ती रबरी मॅट घातली. क्रेट घसरत नाहीत, धग कमी लागते, आवाजही कमी. फक्त मॅटखाली पाणी साठून राहतं आणि पावसाळ्यात तिथंच रंग फुगला, त्यामुळं आठवड्यातून एकदा मॅट काढून उभी करून ठेवायची. तेवढं काम वाढलंय हे मान्य.

पावसाळ्यानंतर गंज कुठं आलाय ते नीट सांगतो कारण हे कुणी लिहीत नाही. पत्रा खालच्या पट्ट्यांना टाके टाके घालून वेल्ड केलाय, सलग वेल्ड मारला असता तर पत्रा तापून फुगला असता आणि मग चालताना डबडब वाजत राहिला असता. पण दोन टाक्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं आणि तिथून तांबडे ओघळ यायला लागले. आता खालून सगळ्या फटीत सीलंट भरून परत रेड ऑक्साइड मारलाय. नवीन करणाऱ्यानं हे रंगाच्या आधीच करून घ्यावं. चौकोनी पाइपची तोंडं बंद करून घ्या आणि प्रत्येकाला खालून एक छोटं भोक ठेवा, आत पाणी साठलं तर निघून जाईल.

टायर आणि डेकमधलं अंतर गाडी सपाट उभी असताना मोजायचं नाही. एका बाजूचं मागचं चाक उंच ठोकळ्यावर चढवायचं, वर वजन टाकायचं आणि मग बघायचं. स्प्रिंगचे पाटे सरळ झाले की चाक किती वर येतं ते तेव्हा कळतं. हे करून बघितल्यावर डेक ठरवल्यापेक्षा दीड इंच वर घ्यावा लागला. परिणाम असा की लोडिंगची उंची जुन्या हौद्यापेक्षा जवळपास चार इंच वाढली. आमच्याकडं तोडणीला आणि भरायला बायका जास्त असतात, त्यांना क्रेट छातीपर्यंत उचलावं लागतं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी ते बोलून दाखवलं. फायदा हा की तिन्ही बाजूंचे फाळके पडतात, त्यामुळं एकदा वर ठेवलं की आत ढकलायला कुणी वर चढावं लागत नाही. आता बांधाच्या उंचीला गाडी लावतो, मग तक्रार नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी जास्त डोकं खाल्लं. या गाडीच्या मागच्या लाइट हौद्याच्याच पत्र्यात बसलेल्या असतात, हौदा गेला की लाइट गेल्या. ट्रॉलीला लावतात तसल्या एलईडी लावल्या तर इंडिकेटर भलताच भराभर मारायला लागला, कारण इंडिकेटर चालू-बंद करणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेलाय. साधे बल्बवाले लाइट लावले आणि प्रश्न मिटला. नंबर प्लेटची लाइट विसरू नका. डिझेलचं तोंडही हौद्याच्या बाजूला असतं, ते डेकच्या कडेखाली ब्रॅकेटवर घेतलं, पण मिस्त्रीनं पहिल्यांदा इतकं खाली घेतलं की नळीला उतारच राहिला नाही आणि पंपावर नोझल दर दोन लिटरला टक करून बंद. मागं लाइन लागलेली असते आणि पंपावरचं पोरगं आपल्याकडं बघतं. ब्रॅकेट वर घेतलं, हवेची बारीक नळी दुमडली होती ती सरळ केली, मग झालं. मडगार्ड आधी नको म्हणत होतो पण ते पाहिजेच, नाहीतर सगळा चिखल डेकच्या पोटात आणि लाइटवर. काही गाड्यांना मागच्या अ‍ॅक्सलवर लोड बघून ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, तसा असेल तर त्याचा दांडा काढू नका, वाकवूही नका.

कागदपत्रांचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर जे लिहिलंय त्याच्यापेक्षा गाडी वेगळी दिसणार असेल तर आधी आरटीओची परवानगी, काम झाल्यावर १४ दिवसांत कळवायचं आणि आरसीवर नोंद. गाडी आठ वर्षांच्या वरची असल्यानं फिटनेस तसाही दरवर्षी आहे, तिथं अडकण्यापेक्षा आधी जाऊन या. विमा कंपनीला लेखी कळवा. रिफ्लेक्टर टेप मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. आणि डेक सपाट आहे म्हणून २० फुटी पाइप मागं लोंबकळत न्यायचा मोह होतो, २०१४ पासून बॉडीबाहेर माल काढायला बंदी आहे. पाइपसाठी ट्रॅक्टरच बरा.

चालवताना फरक? रिकामी असताना मागून पहिल्यासारखीच उड्या मारते. अ‍ॅव्हरेजमध्ये मला तरी फरक जाणवला नाही. फाळक्यांचा खडखडाट मात्र डोकं उठवायचा, साखळ्यांवर ठिबकच्या नळीचे तुकडे चढवले आणि फाळक्याच्या टेकणीला रबर मारलं, आता बरंच शांत. कडेनं खालून १२ एमएमची सळई फिरवलीय दोरी बांधायला, आणि चौकोनी पाइपचे खाचे ठेवलेत ज्यात खुंट उभे करून जाळी लावता येते, कडबा आणायचा असला की ती लावतो. केबिनमागची जाळी मात्र कायमची वेल्ड आहे आणि ती काढता येईल अशी कुणी सुचवली तर ऐकू नका, जोरात ब्रेक मारल्यावर क्रेट आणि काच यांच्यामधे तेवढीच एक वस्तू असते.

खर्च सगळा धरून ५० हजारांच्या थोडा पुढं गेला, त्यात लाइट, मॅट, रंग आणि कागदपत्रं आली. मिस्त्री लोक किलोवर भाव करतात, मग साहजिकच त्यांना जाड चॅनेल आवडतात. आपण आधी कागदावर वजन काढायचं, ठोक रक्कम ठरवायची, आणि रंग मारायच्या आधी गाडी वजनकाट्यावर नेऊन रिकामं वजन करून पावती घ्यायची, आरसीवर नोंद करताना ती पावती सोबत असलेली बरी.